धाकट्याला द्यायचा मंत्र

ताथवड्याच्या एका उंच इमारतीत, चौदाव्या मजल्यावर, फ्रीजच्या मागे एक म्हातारा राहतो, असं काकूंनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं. तो दिसत नाही, पण असतो. घराची राखण करतो. काकूंच्या रशियातल्या गावी तो चुलीमागे राहायचा. इथे चूल नाही आणि गॅसच्या शेगडीमागे मुंगीलाही जागा नाही, म्हणून त्याने ऊब बघून फ्रीजमागचा कोपरा धरला होता. आकुर्डीच्या जुन्या घरातून इकडे राहायला येताना काकूंनी त्याला नवऱ्याच्या जुन्या चपलेत बसवून, चप्पल मांडीवर धरून रिक्षातून आणलं होतं. त्यांच्याकडे तशी रीतच आहे. घर सोडताना, आजोबा, चला आमच्याबरोबर, असं म्हणायचं आणि जुना जोडा पुढे करायचा. न बोलावता निघालं तर तो रिकाम्या घरात रडत बसतो.

हे सगळं त्यांनी मला रशियनमध्ये सांगितलं आणि शेवटचं वाक्य तेवढं मराठीत. "तू हसू नको. मी पण नाय हसला."

मी हसले नव्हते. म्हाताऱ्यासाठी फ्रीजमागे बशीत दूध ठेवलं होतं आणि त्याने झुरळं होतील, एवढंच माझ्या मनात आलं होतं. माझा स्वभाव असा आहे.

काकू म्हणजे सगळी इमारत ज्यांना रशियन काकू म्हणायची त्या. तिकडे शिकायला गेलेल्या एका मराठी इंजिनियरशी लग्न करून त्या पंचविसाव्या वर्षी पिंपरीत आल्या आणि इथल्याच झाल्या. मला भेटल्या तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढे होत्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता एक मुलगा कॅनडात. आमची ओळख त्यांच्या इमारतीजवळच्या एका इंजिनियरिंग कॉलेजात झाली. परदेशी भाषा शिकून नोकरी मिळते, हे मुलांना पटवून द्यायला मला तिथे बोलावलं होतं. मुलं मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती आणि मागच्या रांगेत फिकट निळी सुती साडी नेसलेली एक गोरी म्हातारी वही उघडून लिहून घेत होती. भाषण संपल्यावर ती पुढे आली आणि वहीतून माझ्या रशियन वाक्यांतल्या सात चुका वाचून दाखवल्या. मग म्हणाली, तुझं रशियन कारखान्यातलं आहे, त्याला ग्रीसचा वास येतो, रविवारी घरी ये. मला भयंकर राग आला. रविवारी मी गेले.

राग आला, कारण त्या म्हणाल्या ते खरं होतं. वडील बार्शीकडून पिंपरीला नोकरीसाठी आले, मी इथेच वाढले, आणि रशियन आलं की नोकरी पक्की असं लोक म्हणत होते त्या काळात पुण्याला जाऊन संध्याकाळच्या वर्गात ती भाषा शिकले. माझी शेवटची परीक्षा होईपर्यंत तिकडचा देशच मोडला आणि नातेवाइकांना आयतं हसायला मिळालं. पण देश मोडला म्हणून यंत्रं बंद पडत नाहीत. भोसरीला, चाकणला तिकडची जुनी अवजड यंत्रं होती, पुढे इथले सुटे भाग तिकडे जायला लागले, इंजिनियर येऊ-जाऊ लागले आणि मी दुभाषी झाले. तो बोलतो, मी सांगते. हा बोलतो, मी सांगते. या कामात जो बोलतो त्याच्याच तोंडाने बोलायचं असतं, 'ते असं म्हणतायत' असं मध्ये घालायचं नसतं. एकदा एक रशियन इंजिनियर संतापला आणि मी मराठीत शांतपणे म्हटलं, "मी तुमच्या कामावर अजिबात खूश नाही." समोरचा सुपरवायझर कळवळला. "म्याडम, तुम्ही तरी असं नका ना बोलू राव!"

आणखी एक गोष्ट आहे, ती कुणी शिकवत नाही, आपोआप अंगात मुरते. सांगून झालं की विसरायचं. डोकं रिकामं झालं नाही तर पुढचं वाक्य आत शिरत नाही. दिवसभराची मीटिंग संपवून मी कंपनीच्या बसमध्ये बसले की सकाळी काय ठरलं ते मला सांगता येत नाही. लोकांना हे खोटं वाटतं. मी काहीतरी लपवते आहे असंही काहींना वाटलेलं आहे.

घरी बोलायला कुणी नव्हतं. लग्न झालं होतं, ते चार वर्षांत मोडलं, त्यावर आता माझं काही म्हणणं नाही. पिंपळे गुरवला दोन खोल्यांचं घर आहे. पाच दिवस दुसऱ्यांचं बोलायचं आणि शनिवार-रविवार तोंड बंद. सोमवारी बसच्या ड्रायव्हरला नमस्कार म्हणताना आवाज घोगरा यायचा, दोन दिवस वापरलेला नसायचा म्हणून. मला या एकटेपणाची लाज वाटायची. कुणी विचारलं तर, मला शांतता आवडते, असं मी म्हणायचे.

तर माझे रविवार काकूंचे झाले. त्या दार उघडायच्या, पण उंबऱ्यावरून हातात हात देऊ द्यायच्या नाहीत. पिशवीसुद्धा आत आल्यावरच घ्यायच्या. उंबऱ्याखाली घरातले जुने मेलेले लोक असतात, त्यांच्या डोक्यावरून देणंघेणं नको. मी म्हटलं, आमच्याकडे नरसिंह उंबऱ्यावरच बसला होता. त्यावर त्या इतक्या खूश झाल्या की त्या दिवशी मला दोनदा चहा मिळाला.

हळूहळू त्यांनी कपाटातून एकेक वस्तू बाहेर काढली. एक जाड विणीचा लांब पंचा, दोन्ही टोकांना लाल दोऱ्याचं भरतकाम, तिरके चौकोन आणि प्रत्येक चौकोनात टिंब. चौकोन म्हणजे नांगरलेलं शेत, टिंब म्हणजे पेरलेलं बी. लग्नातही हाच पंचा, बाळाला गुंडाळायलाही हाच आणि शवपेटी खड्ड्यात सोडतानाही असलाच. मग एक जुना बायकी सदरा निघाला. गळ्याला, बाह्यांच्या कडेला आणि खालच्या घेराला दाट लाल नक्षी आणि मधलं सगळं कापड कोरं. मी विचारलं, मध्ये का नाही काही? त्या म्हणाल्या, मधून काही शिरत नाही. जिथे कापड संपतं आणि माणूस सुरू होतो तिथे राखण लागते. हे ऐकल्यावर मला सगळीकडे तेच दिसायला लागलं. त्यांच्या गावच्या घरांना खिडकीच्या चौकटीवर कोरलेला सूर्य, छपराच्या टोकाला लाकडी घोड्याचं डोकं, कमरेला विणलेला पट्टा, कपड्याच्या आतल्या बाजूला टाचलेली पिन. सगळी राखण कडांवर आणि फटींवर. माझी आई दारात रांगोळी काढायची, चौकटीला तोरण बांधायची, ते मी इतकी वर्षं शोभेचं समजत होते. आईला कधी विचारलं नाही आणि आता विचारायची सोय नाही.

पण काकूंचा खरा जीव तोंडी मंत्रांवर होता. त्यांच्या गावात दवाखाना लांब आणि हे मंत्र जवळ. दाढ दुखली तर कोवळ्या चंद्राला विचारायचं, तू त्या जगात जाऊन आलास ना, तिथे मेलेल्यांच्या दाढा दुखतात का? नाही ना दुखत? मग याचीही दुखू नये. असले साधे मंत्र सगळ्या गावाला येत, ते कुणापुढे म्हटले तरी चालत. रक्त थांबवायचा मंत्र मी स्वतःवर पाहिला. लाल भोपळा चिरताना माझं बोट कापलं तेव्हा काकूंनी ते मुठीत घट्ट धरलं आणि पुटपुटल्या. समुद्रात बेट, बेटावर पांढरा दगड, दगडावर एक मुलगी बसली आहे आणि लाल रेशमाने जखम शिवते आहे. दोरा तुटला, रक्त थांबलं. खरंच थांबलं. मी म्हटलं, पाच मिनिटं दाबून धरलं तर कुणाचंही थांबतं. काकू म्हणाल्या, आणि पाच मिनिटं तुला एका जागी गप्प कोण बसवणार होतं?

या मंत्रांची सुरुवात बहुतेक एकच असते. उठते, तोंड धुते, दारातून दारात, फाटकातून फाटकात, मोकळ्या रानात जाते, उगवतीकडे तोंड करते. तिथून पुढे समुद्र, आणि समुद्रात तो दगड, सगळ्या जगाच्या मधोमध. शेवटी कुलूप: माझे शब्द पक्के असोत, कुलूप लागलं, किल्ली पाण्यात. मला त्यातलं ते चालत जाणं फार आवडायचं. औषध घरात नसतंच. जिथे कुणीही राहत नाही तिथे ते असतं आणि तिथवर एकट्यानेच जायचं असतं.

मी त्यांना वडिलांच्या गावचा विंचू उतरवणारा माणूस सांगितला. अर्ध्या रात्री कुणी उठवलं तरी जायचा, मंत्र म्हणायचा आणि चहाचा घोटही न घेता परतायचा. आभार मानायला लागलं तर चिडायचा. काकूंनी टाळी वाजवली, अगदी असंच! मग त्यांनी त्यांच्याकडचे नियम सांगितले. खरा मंत्र मागितल्याशिवाय द्यायचा नाही. लिहायचा नाही. कानात सांगायचा आणि एकालाच. दिला की देणाऱ्याकडे राहत नाही. आणि द्यायचा तो आपल्यापेक्षा धाकट्याला. वयाने मोठ्या माणसापुढे तो उच्चारला तर त्यातला जोर जातो, मग ज्याच्यासाठी तो म्हणतात त्याच्यावर राखण राहत नाही.

असा खरा मंत्र काकूंकडे एकच होता. परक्या लोकांत एकट्याने राहायला निघालेल्या माणसाचा. त्या इकडे यायला निघाल्या तेव्हा नदीच्या धक्क्यावर, बोट सुटायच्या आधी, त्यांच्या आईने तो त्यांच्या कानात सांगितला. त्यानंतर आई पुन्हा भेटली नाही. पिंपरीत पहिलं वर्षभर सासूबाई त्यांना स्वयंपाकघरात येऊ देत नव्हत्या, तेव्हा काकू बाहेर उभ्या राहून तो म्हणायच्या. भाषा येत नव्हती तेव्हा म्हणायच्या. नवरा गेला तेव्हा, मुलगा विमानात बसला तेव्हा, आणि एरवी रोज सकाळी, नळाला पाणी यायच्या आधी.

मी तो लगेच मागितला. एका दिवाळी अंकासाठी यावर लेख लिहावा असं माझ्या डोक्यात होतं. काकूंनी चष्म्यावरून बघितलं. "तू कागदासाठी मागते. कागदाला एकटा वाटते काय?"

त्या हिवाळ्यात मला ताप आला. चार दिवस मी उठू शकले नाही. पहिल्या दिवशी वाटलं, कुणाला तरी कळवावं. दुसऱ्या दिवशी मोबाइल हातात घेऊन नावं वर-खाली करत बसले. दोनशेच्या वर नावं होती आणि त्यातल्या प्रत्येकाला मी कुणातरी दुसऱ्यासाठी फोन केलेला होता. पाचव्या दिवशी फोन वाजला तो कंपनीतून, एका यंत्राच्या माहितीपुस्तकाची पंचवीस पानं कधी मिळतील म्हणून. मी म्हटलं, उद्या देते. मग भिंतीकडे तोंड करून रडले. कुणी ऐकेल अशी भीती नव्हती, हेच वाईट होतं.

पुढच्या रविवारी मी काकूंकडे गेले आणि चप्पल काढतानाच म्हटलं, मला तो मंत्र द्या. मला हवाय.

 त्या रशियनमध्ये म्हणाल्या, आता खरं मागितलंस. देईन. पण आत्ता नाही. दिला की माझ्याकडे राहत नाही, आणि मला अजून लागतो.

मी मंत्रतंत्र मानत नाही. तेव्हाही मानत नव्हते. पण त्या दिवशी बस थांब्यावर उभी असताना मी मनातून इतकी सुखावले होते की दोन बसगाड्या सोडल्या. कुणीतरी मला काहीतरी द्यायचं कबूल केलं होतं. ते माझ्यासाठी होतं, पुढे कुणाला सांगण्यासाठी नव्हतं.

दोन महिन्यांनी काकूंना अर्धांगाचा झटका आला. कॅनडाहून मुलगा आला. दवाखान्यातून घरी आणल्यावर त्याचा मला फोन आला. आम्ही कधी भेटलो नव्हतो, पण त्याला माझ्याबद्दल माहीत होतं. "मावशी, तुम्ही याल का? आई बोलतेय, पण मला कळत नाहीये."

झालं होतं असं की काकूंचं मराठी गेलं होतं. समूळ गेलं. पन्नास वर्षांचं, चुकतमाकत जमवलेलं मराठी त्या एका सकाळी पुसलं गेलं आणि खाली रशियन तेवढं शिल्लक राहिलं. आणि मुलाला रशियन येत नव्हतं. तो लहान असताना, पोरगा इथला व्हावा, त्याला कुणी परका म्हणू नये, म्हणून काकू त्याच्याशी कधी रशियन बोलल्याच नाहीत. पंचेचाळिशी ओलांडलेला तो माणूस आईच्या पलंगाजवळ बसून तिच्या ओठांकडे बघत राहायचा.

मी कंपनीत सुट्टी टाकली आणि रोज सकाळी पिंपळे गुरवहून ताथवड्याला जायला लागले. पलंगाच्या डाव्या बाजूला माझी खुर्ची. काकू बोलायच्या, मी मराठीत सांगायचे, मुलगा करायचा. खिडकी उघड. उशी काढ. उजव्या पायाला मुंग्या येतायत. मग मुलगा काही विचारायचा आणि मी ते रशियनमध्ये सांगायचे. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "म्हाताऱ्याला दूध ठेवलंस का?" मुलाने दचकून विचारलं, "कुठल्या म्हाताऱ्याला?" मी फ्रीजकडे बोट केलं. तो उठला, बशीत दूध ओतलं आणि फ्रीजमागे सरकवलं. झुरळांचं मी काही बोलले नाही.

त्याला आई नव्याने भेटत होती. मराठीत काकू कायम अडखळत बोललेल्या, 'मी आला, मी गेला' असं म्हणणाऱ्या. शाळेत त्याला त्यांची लाज वाटायची, असं त्याने मला एकदा जिन्यात सांगितलं. आता माझ्या तोंडून त्याला कळत होतं की आपली आई टवाळ आहे, हजरजबाबी आहे, शेजारणीची नक्कल करते, शिव्यासुद्धा ठेवणीतल्या देते. "आई अशी बोलते?" तो सारखं विचारायचा. "इतकं भरभर?" आणि मी चांगलं सांगत होते. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम मी त्या दिवसांत केलं. काकूंनी वाक्य संपवायच्या आत माझं मराठी सुरू व्हायचं. आम्ही तिघं एका लयीत आलो होतो. रोज संध्याकाळी घरी परतताना मात्र मला आठवण व्हायची की मला द्यायचं ते अजून राहिलंय. मागायला जीभ रेटत नव्हती. मरायला टेकलेल्या बाईकडे कसं मागायचं?

बाराव्या दिवशी, दुपारी जेवणं झाल्यावर, मुलगा पलंगाच्या पायथ्याशी बसून आईचे पाय चेपत होता. काकूंनी माझं मनगट धरलं आणि खाली ओढलं. माझा कान त्यांच्या ओठांजवळ आला. त्या कुजबुजल्या, घे. आता मला नाही लागत.

आणि मी, मान त्यांच्याकडेच ठेवून, मोठ्याने मराठीत म्हटलं, "घे. आता मला नाही लागत."

मुलाने वर पाहिलं. काकू थांबल्या नाहीत. कदाचित त्यांना थांबता येत नसेल, सुरू झाला की मंत्र पुरा करायचा असतो. त्या म्हणत होत्या आणि मी म्हणत होते. उठते, तोंड धुते, दारातून दारात, फाटकातून फाटकात. बारा दिवसांची, नव्हे तीस वर्षांची सवय. मला काही वेगळं घडतंय हे कळलंसुद्धा नाही. उलट मराठी छान उतरतंय याचा मला आनंद होत होता. शब्द हवे तेव्हा, हवे तसे येत होते, एकही शोधावा लागला नाही. शेवटचं कुलूप लागलं, किल्ली पाण्यात पडली, मी श्वास घेतला आणि मगच वर बघितलं.

मुलगा आईच्या पायांवर कपाळ टेकून रडत होता. मोठ्याने, लहानपणी रडतात तसा. त्याला सगळं मिळालं होतं. ज्या आईने त्याला आपल्या भाषेतला एक शब्द कधी दिला नव्हता, तिने जपून ठेवलेलं सगळ्यात मोठं दान त्याला एकदम, मराठीत, घरबसल्या मिळालं होतं. तो तिच्यापेक्षा धाकटाही होता. सगळे नियम पाळले गेले होते. फक्त कान चुकला होता.

काकूंनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना कळलं. चालत होती तेवढी ओठांची डावी बाजू हसली आणि त्या रशियनमध्ये म्हणाल्या, तुला काहीच उरलं नाही की गं, पोरी.

मुलाने डोळे पुसत विचारलं, "काय म्हणाली, मावशी?"

"काही नाही," मी म्हटलं. "पाणी मागतायत."

तीस वर्षांत मी खोटं भाषांतर पहिल्यांदा केलं. तो पाणी आणायला धावला.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी काकू गेल्या, सकाळच्या चहाच्या वेळेला, काही त्रास न होता. मंत्र जवळ असलेल्या माणसाला तो दिल्याशिवाय सुखाने मरण येत नाही असं त्या सांगायच्या. म्हणजे त्यांच्या हिशेबाने तो पोचला होता.

मी तो आठवायचा प्रयत्न त्या दुपारपासूनच सुरू केला होता. घरी गेल्यावर वही काढली. नियमाप्रमाणे लिहायचा नव्हता, पण मी नियम कुठे मानत होते? उठते, तोंड धुते, दार, फाटक, रान, हे लिहिलं. खाली कुलूप आणि किल्ली लिहिली. ते सगळ्याच मंत्रांत असतं. मधली जागा कोरी राहिली. त्या दगडापाशी कोण होतं, त्या एकट्या माणसाला काय घातलं, काय बांधलं, काय म्हटलं, काही म्हणजे काही आठवेना. सांगून झालं होतं, डोकं रिकामं झालं होतं. मी बसमध्ये आठवलं, आंघोळ करताना आठवलं, रशियनमधून आठवलं, मराठीतून आठवलं. एकदा चाकणला चालू मीटिंगमध्ये आठवत बसले आणि एका वाक्याला अडखळले, सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला स्वतःची इतकी चीड आली होती की आरशात बघावंसं वाटेना. आयुष्यात एक बोलणं माझ्यासाठी आलं होतं, तेही मी सवयीने पुढे सरकवून दिलं. रविवारी आता मी झोपून राहायचे. आता त्याला मी शांतता म्हणत नाही.

मुलाचा फोन आठ-नऊ महिन्यांनी आला. काकूंच्या घराला गिऱ्हाईक मिळालं होतं, त्यासंबंधी काही कागद होते. ते बोलून झाल्यावर तो घुटमळला. मग म्हणाला, त्याची सहा वर्षांची मुलगी या आठवड्यात नव्या शाळेत जायला लागली, तिथे तिच्यासारखं दुसरं कुणी नाही, ती रोज रडत जाते. म्हणून तो रोज सकाळी तिच्या डोक्यावर हात ठेवून आईचा मंत्र म्हणतो.

"तुला आठवतो?" मी विचारलं.

"सगळा. मला तो तुमच्याच आवाजात आठवतो, मावशी. पण एका ठिकाणी शब्द चुकतोय असं वाटतं. मी म्हणून दाखवू? तुम्ही जरा दुरुस्त करून द्या."

मी खुर्चीत बसले. फोन कानाशी घट्ट धरला. एवढं ऐकायला मी इतके महिने तळमळत होते, आणि आता फक्त 'हं' म्हणायचं होतं. तो पलीकडे घसा साफ करत होता. तो माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान आहे. त्याने तो माझ्यापुढे म्हटला असता तर काकूंच्या नियमाप्रमाणे त्या पोरीच्या डोक्यावरचं सगळं निघून गेलं असतं. माझा विश्वास नाही. मी मोठ्याने म्हटलं, "थांब!"

"का? काय झालं?"

"मला म्हणून दाखवू नकोस. मोठ्या माणसाला सांगायचा नसतो तो. तू म्हणतोस तसाच बरोबर असेल. तुझ्या मुलीला दे, ती मोठी झाली की. आणि तोवर रोज म्हण."

 तो हळू म्हणाला, "पण मावशी, आईने तो तुम्हालाच दिला होता ना? तुमचा हात धरला होता तिने. मी नंतर खूप विचार केला त्यावर."

"नाही रे," मी म्हटलं. "मी नुसती मध्ये बसले होते."

कागद टपालाने पाठवते असं सांगून मी फोन ठेवला.